तळमजल्याचा फ्लॅट आणि सोबतची बाग : नकाशात हद्द कशी शोधायची?

आपल्या समाजातली पहिल्या पिढीची नोकरदार मुलं-मुली आता शहरात स्वतःचं घर घेऊ लागली आहेत. सोबत म्हातारे आईवडील असतात, त्यांना जिना झेपत नाही, लिफ्टचा भरवसा नसतो, म्हणून तळमजल्याकडे ओढा असतो. आणि तळमजल्याच्या फ्लॅटला बिल्डर एक आमिष हमखास जोडतो : 'अटॅच्ड गार्डन'. ब्रोशरमध्ये हिरवळ, दोन खुर्च्या, चहाचे कप. गावाकडचं अंगण सुटून दोन पिढ्या झालेल्या माणसाला त्या चित्राची भूल पडते. त्यात चूक काही नाही. पण त्या हिरवळीची हद्द नेमकी कुठे संपते आणि ती कोणाच्या नावावर आहे, हे पैसे देण्याआधी विचारणारे फार थोडे असतात.

माझ्या कामात आलेलं एक कुटुंब सांगते. वडील सफाई खात्यातून निवृत्त, मुलगी नर्स, मुलगा खासगी नोकरीत. वडिलांची ग्रॅच्युइटी आणि मुलीचं कर्ज मिळून शहराच्या कडेला तळमजल्याचा फ्लॅट घेतला. बागेचे तीन लाख वेगळे दिले, तेही 'डेव्हलपमेंट चार्जेस' या नावाखाली. करारनाम्यात बागेबद्दल एकच ओळ होती : सोबतच्या नकाशात हिरव्या रंगाने दाखवलेली बाग. नकाशा करारनाम्याला जोडलेला होता, पण ती काळी-पांढरी झेरॉक्स. हिरवा रंग त्यात कुठे असणार? दोन वर्षांनी सोसायटी स्थापन झाली. अग्निशमनाच्या तपासणीत गाडी फिरायची जागा अडली असल्याचं निघालं आणि सर्वसाधारण सभेने कुंपण काढायचा ठराव केला. सभेत एक सदस्य म्हणाला, तुम्ही अतिक्रमण केलंय. आयुष्याची तीस वर्षं झोपडपट्टीत हाच शब्द ऐकलेल्या त्या वडिलांना स्वतःच्या पैशाने घेतलेल्या घरातही तो ऐकावा लागला. पैसे गेल्यापेक्षा त्याचं दुःख त्यांना जास्त होतं.

हे टाळता आलं असतं का? बहुतेक हो. त्यासाठी वकील लागला नसता. मंजूर नकाशाची एक चांगली प्रत, पट्टी, तीस मीटरची टेप आणि एक रविवार पुरला असता.

बाग तीनपैकी कोणत्या प्रकारची?

नकाशा उघडण्याआधी डोक्यात हे स्पष्ट असू द्या. फ्लॅटलगतची मोकळी जागा कायद्याच्या नजरेत तीनपैकी एका प्रकारात बसते.

पहिला प्रकार, जागा खरोखर तुमच्या मालकीची. हे रो-हाऊस किंवा बंगल्याच्या स्वतंत्र प्लॉटमध्ये घडतं, जिथे रेखांकनात प्लॉटची पोटविभागणी होऊन त्याला स्वतंत्र क्रमांक मिळालेला असतो. बहुमजली इमारतीतल्या फ्लॅटच्या वाट्याला हे जवळजवळ कधीच येत नाही.

दुसरा प्रकार, जागा सामाईक पण वापर फक्त तुमचा. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, १९७० मध्ये 'मर्यादित सामाईक क्षेत्र' अशी संकल्पना आहे. इमारत या कायद्याखाली असेल, म्हणजे सोसायटी नसून अपार्टमेंट कंडोमिनियम असेल, तर 'डिक्लरेशन' नावाचा नोंदणीकृत दस्त केलेला असतो. कोणती जागा कोणत्या अपार्टमेंटसाठी राखीव, हे त्यात लिहिता येतं. तिथे तुमच्या फ्लॅटचा क्रमांक आणि बागेचं माप असेल तर पाया पक्का आहे. फक्त ती जागा मंजूर नकाशात दुसऱ्याच कामासाठी मोकळी ठेवलेली नाही ना, एवढं पाहायचं राहतं.

तिसरा प्रकार, जागा निव्वळ सामाईक आणि तुम्ही तिथे इतरांच्या संमतीने किंवा दुर्लक्षामुळे झाडं लावता. सोसायट्यांमधल्या बहुतेक 'प्रायव्हेट गार्डन' याच प्रकारच्या असतात. २०१६ च्या रेरा कायद्यात सामाईक क्षेत्राच्या व्याख्येत उद्यानं, खेळायच्या जागा आणि खुली पार्किंग यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ही क्षेत्रं शेवटी सगळ्या फ्लॅटधारकांच्या संस्थेकडे जायची असतात, बिल्डरने ती तुकड्या-तुकड्याने विकायची नसतात. रेराच्या आधीही सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या मुंबईच्या प्रकरणात निकाल दिला होता : इमारतीखालची स्टिल्ट पार्किंग हा स्वतंत्र फ्लॅट नाही, ती सामाईक सोय आहे, म्हणून बिल्डर ती वेगळी विकू शकत नाही. तो निकाल पार्किंगचा होता, पण बिल्डर बागेचे वेगळे पैसे मागतो तेव्हा तोच प्रश्न त्याला विचारता येतो : जे सगळ्यांचं आहे ते तू मला कसं विकतोस?

नकाशा वाचायचा तो तुमची जागा या तीनपैकी कुठे बसते आणि तिची कड कुठे आहे, हे ठरवण्यासाठी.

कोणता नकाशा?

'नकाशा दाखवा' म्हटलं की सेल्स ऑफिसमधला मुलगा रंगीत कागद पुढे करतो. त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे केवळ कलाकाराचं कल्पनाचित्र आहे. तो कागद बाजूला ठेवा. (फेकू मात्र नका. खोट्या जाहिरातीमुळे नुकसान झालं तर भरपाई मागायची सोय रेराच्या कलम १२ मध्ये आहे. तेव्हा हाच कागद पुरावा ठरतो.)

खरे नकाशे वेगवेगळ्या दोन खात्यांकडे असतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

एक, भूमी अभिलेख खातं. जमीन कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे हे खातं सांगतं. शहरात सिटी सर्व्हे झाला असेल तर मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, आणि त्याचा नकाशा. झाला नसेल तर सातबारा, गट नकाशा आणि सरकारी मोजणी झाली असल्यास मोजणीची 'क' प्रत. इमारत, फ्लॅट, बाग यांच्याशी या खात्याचा संबंध नाही. त्यांच्या नकाशात फक्त जमिनीची बाहेरची कड दिसते.

दोन, नियोजन प्राधिकरण, म्हणजे महापालिका, नगरपालिका, पीएमआरडीए, सिडको वगैरे. त्या जमिनीच्या आत काय कुठे बांधायचं आणि काय मोकळं ठेवायचं हे यांच्या मंजूर नकाशात असतं. त्यातला रेखांकनाचा नकाशा, ज्याला सगळे लेआउट म्हणतात, बागेसाठी सर्वात महत्त्वाचा. त्यावर प्राधिकरणाचा शिक्का, सही, मंजुरीचा क्रमांक आणि तारीख असते. तारीख नीट पाहा. नकाशा सुधारित होत राहतो. २०१९ च्या मंजूर नकाशात तुमच्या खिडकीसमोर हिरवळ असेल आणि २०२३ च्या सुधारित नकाशात तिथे दुसरी विंग उभी असेल. भोगवटा प्रमाणपत्र मिळालं असेल तर त्याच्यासोबत मंजूर झालेला शेवटचा नकाशा मागा.

महारेराच्या नमुना करारनाम्यात यासाठी एक उपयोगी व्यवस्था आहे. तिच्याकडे कोणी बघत नाही. जोडपत्र 'सी-१' मध्ये प्राधिकरणाने मंजूर केलेलं रेखांकन असतं आणि 'सी-२' मध्ये बिल्डरने पुढे प्रस्तावित केलेलं. दोन्ही शेजारी ठेवा. बाग फक्त सी-२ मध्ये असेल आणि सी-१ मध्ये नसेल, तर अजून कोणीही मंजूर न केलेल्या जागेचे पैसे तुम्ही देताय. उलटही होतं. सी-१ मध्ये मोकळी दिसणारी जागा सी-२ मध्ये इमारतीने भरलेली असते. अशा करारावर सही करणं म्हणजे 'पुढे इथे इमारत येणार हे मला माहीत होतं' असं लिहून देण्यासारखं आहे. मंजूर रेखांकनात किंवा सामाईक क्षेत्रात बदल करायला रेराच्या कलम १४ नुसार किमान दोन-तृतीयांश फ्लॅटधारकांची आगाऊ लेखी संमती लागते. काही करारनाम्यांमध्ये ही संमती आधीच एका ओळीत घेऊन टाकलेली असते. ती ओळ शोधा आणि खोडायला सांगा.

नकाशावरची रेघ आणि जमिनीवरची जागा

नकाशाच्या कोपऱ्यात रंग आणि रेघांची सूची असते. साधारणपणे प्लॉटची हद्द जाड काळ्या रेघेने, प्रस्तावित बांधकाम लाल रंगात, पाडायचं बांधकाम पिवळ्या तिरप्या रेघांनी, सांडपाण्याची लाइन तुटक लाल रेघेने दाखवतात. तरी सूची वाचल्याशिवाय अंदाज बांधू नका. झेरॉक्समध्ये रंग जातात, म्हणून रंगीत प्रत किंवा पीडीएफच मागा.

मग प्रमाण पाहा. रेखांकनाचा नकाशा बहुधा १:५०० असतो, म्हणजे कागदावर एक सेंटिमीटर तर जमिनीवर पाच मीटर. इमारतीचा नकाशा १:१०० असतो, एक सेंटिमीटरला एक मीटर. आता हद्दीच्या रेघेचीच जाडी मोजा. अर्ध्या मिलिमीटरची रेघ १:५०० च्या नकाशावर जमिनीवरचे २५ सेंटिमीटर झाकते. १:५००० च्या गाव नकाशावर तीच रेघ अडीच मीटरची होते. म्हणून मोबाईलवर गाव नकाशा मोठा करून 'ही बघा, हद्द तुमच्या गॅलरीपासून इतकी लांब' असं कोणी दाखवत असेल तर मान डोलावू नका. अडीच मीटरची बाग त्या रेघेतच मावते.

दुसरा सापळा प्रतीचा. झेरॉक्स किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो लहान-मोठा झालेला असतो. तपासायची सोपी पद्धत अशी : नकाशात हॉलची लांबी ४.२० मीटर लिहिली आहे आणि प्रमाण १:१०० आहे, तर पट्टीने ती ४.२ सेंटिमीटर भरायला हवी. ३.६ भरली तर प्रत आक्रसली आहे. मग त्या प्रतीवरच्या प्रत्येक मापाला ४.२ भागिले ३.६, म्हणजे साधारण १.१७ ने गुणावं लागेल. आणि नकाशात आकडा लिहिलेला असेल तर तो धरा, पट्टीने मोजलेला नाही.

आता इमारत आणि हद्दीची रेघ यांच्यामधला पट्टा बघा. अधिकाऱ्यांच्या भाषेत त्याला सामासिक अंतर म्हणतात, बिल्डरच्या भाषेत मार्जिन. हवा-उजेड यावा, शेजारच्या इमारतीत अंतर राहावं आणि आग लागली तर गाडी फिरावी, म्हणून तो पट्टा मोकळा ठेवण्याच्या अटीवर इमारतीला परवानगी मिळालेली असते. विकली जाणारी नव्वद टक्के 'अटॅच्ड गार्डन' याच पट्ट्यात असतात, असं माझं अनुभवातून झालेलं मत आहे. मोजणी कोणी केलेली नाही. तुमच्या गॅलरीसमोरच्या पट्ट्यावर नकाशात 'साइड मार्जिन', 'ड्राइव्ह-वे' असं लिहिलं असेल किंवा गाडी वळायची गोलाई काढलेली असेल, तर तिथे खासगी कुंपण टिकणार नाही.

पट्टा संपून पुढे मोठी मोकळी जागा असेल आणि तिच्यावर 'ओपन स्पेस', 'आर.जी.' किंवा 'मनोरंजनासाठी मोकळी जागा' असं लिहिलं असेल, तर ती रेखांकनाची सक्तीची खुली जागा आहे. मुंबई सोडून राज्याच्या बहुतेक भागांत लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात दहा टक्के जागा अशी सोडावी लागते. तिच्यावर पूर्ण वस्तीचा हक्क असतो. तिचा एक कोपरा तळमजल्याच्या चार फ्लॅटना वाटून देणं बिल्डरच्या हातात नाही.

नकाशात आणखी एक गोष्ट शोधा : जमिनीखाली काय आहे. सांडपाण्याचे चेंबर, पाण्याची भूमिगत टाकी, जलपुनर्भरणाचा खड्डा, मैलापाणी प्रक्रियेची टाकी. तुटक लाल रेघ तुमच्या बागेतून जात असेल तर दर पावसाळ्यात चेंबर उघडायला माणसं आत येणार आणि त्यांना अडवायचा अधिकार तुम्हाला नसणार. हे काम करणारी माणसं कोण असतात हे आपल्याला वेगळं सांगायला नको. त्यांच्यासाठी रस्ता मोकळा हवाच.

पार्किंगच्या छतावर, म्हणजे पोडियमवर, बाग असेल तर तिथे जमिनीची हद्द हा प्रश्नच नाही. ती कोणाच्या तरी छतावरची माती आहे. पोडियम मजल्याचा वेगळा नकाशा मागा आणि गळती झाली तर दुरुस्तीचा खर्च कोणाचा, हे लेखी घ्या.

टेप घेऊन साइटवर

कागदावरचं काम झालं की प्रत्यक्ष जा. एकट्याने नको, टेपचं दुसरं टोक धरायला कोणीतरी हवं.

मोजायला सुरुवात कंपाउंडच्या भिंतीपासून करायची नाही. भिंत म्हणजे हद्द असा आपला समज असतो. ती बऱ्याचदा हद्दीच्या आत किंवा बाहेर बांधलेली असते. सुरुवात इमारतीच्या पक्क्या कोपऱ्यापासून करा. तो कोपरा नकाशातही आहे आणि जमिनीवरही आहे. तिथून भिंतीपर्यंत काटकोनात अंतर घ्या. टेप ताणून, जमिनीला समांतर धरा, उतारावर झोपवू नका. इमारतीच्या दोन्ही टोकांना घ्या, कारण प्लॉटची कड क्वचितच इमारतीला समांतर असते.

समजा नकाशात मार्जिन ४.५० मीटर लिहिलं आहे आणि टेप सांगते ६.१०. खूश होऊ नका. वरचे १.६० मीटर कुठून आले? शेजाऱ्याची जमीन, नाल्याची कड, किंवा विकास योजनेत रस्त्यासाठी राखलेली पट्टी, यांपैकी काहीतरी तुमच्या 'बागेत' आहे. ते उद्या जाणार आणि त्यासाठी तुम्हाला कोणी भरपाई देणार नाही. उलट टेप ३.८० सांगत असेल, तर एकतर इमारत मंजूर जागेपेक्षा पुढे सरकली आहे किंवा शेजाऱ्याने भिंत आत ढकलली आहे. पहिल्या शक्यतेत भोगवटा प्रमाणपत्रच अडू शकतं. बागेपेक्षा तो प्रश्न मोठा आहे.

रस्ता, नाला, आरक्षण यांची खात्री महापालिकेच्या नगररचना विभागाकडून मिळणाऱ्या झोन दाखल्याने आणि भाग नकाशाने होते. नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते तेही विचारा.

शेवटी क्षेत्रफळ. ब्रोशरवर '४०० चौरस फूट गार्डन' असेल तर स्वतः मोजा. ६ मीटर गुणिले ४.५ मीटर म्हणजे २७ चौरस मीटर. त्याला १०.७६४ ने गुणलं की सुमारे २९१ चौरस फूट. जागा चौकोनी नसेल तर एक कर्ण मोजून तिचे दोन त्रिकोण करा. आणि हे क्षेत्र फ्लॅटच्या चटई क्षेत्रात धरलेलं नाही ना, ते पाहा. रेराच्या व्याख्येत चटई क्षेत्र म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र. त्यात गॅलरी आणि खासगी खुली गच्चीही मोजत नाहीत, मग बाग तर दूरच. पुनर्विकासाच्या वेळीही हिशेब या घराच्या आतल्या क्षेत्राचा होतो. बागेचे तीन लाख तेव्हा कोणी मोजत नाही.

करारनाम्यात काय वाचायचं

करारनाम्याच्या शेवटी परिशिष्टं असतात. एकात संपूर्ण जमिनीचं वर्णन आणि चतुःसीमा, एकात तुमच्या फ्लॅटचं वर्णन, एकात सामाईक सोयींची यादी. तिन्ही वाचा. बाग फ्लॅटच्या परिशिष्टात लिहिली आहे आणि तीच जागा सामाईक यादीतही आहे, असं मी पाहिलं आहे. दोन्ही खरं असू शकत नाही.

'लगतची बाग' एवढे शब्द पुरेसे नाहीत. लांबी, रुंदी, क्षेत्रफळ, चारही बाजूंना काय आहे, कोणत्या तारखेच्या आणि क्रमांकाच्या मंजूर नकाशात ती दाखवली आहे आणि हक्क मालकीचा की फक्त वापराचा, हे सगळं लिहून घ्या. बिल्डर लिहून द्यायला तयार नसेल तर तेच तुमचं उत्तर. आणि लिहून दिलं तरी मंजूर नकाशाशी विसंगत असलेलं लिखाण तुम्हाला फक्त बिल्डरशी भांडायला उपयोगी पडेल, सोसायटीशी नाही. सूची क्रमांक दोनवर 'गार्डन' शब्द आला म्हणून निर्धास्त होऊ नका. पक्षकारांनी दस्तात जे लिहिलं त्याचा तो गोषवारा आहे. दुय्यम निबंधक मालकी तपासून देत नाही.

नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही, हे रेराच्या कलम १३ मध्ये आहे. हा सगळा तपास त्या दहा टक्क्यांच्या आत असतानाच उरकायचा.

जुनं घर घेत असाल तर

पुनर्विक्रीच्या फ्लॅटमध्ये विकणारा म्हणतो, वीस वर्षं आम्हीच वापरतोय. असेल. सोसायटीच्या सचिवांना एका ओळीचं पत्र द्या : फ्लॅट क्रमांक अमुकच्या समोरची मोकळी जागा संस्थेच्या नोंदींप्रमाणे कोणाची आहे? लेखी उत्तर मागा. एखाद्या सभेच्या ठरावाने वापराची परवानगी दिली असेल तर ती दुसऱ्या सभेत काढून घेता येते आणि ती तुमच्यापर्यंत आपोआप येत नाही. जमिनीचं अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झालं आहे का तेही विचारा. झालं नसेल तर जमीन अजून बिल्डर किंवा मूळ मालकाच्याच नावावर आहे.

म्हाडा आणि सिडकोच्या वसाहतींमध्ये आपले बरेच लोक राहतात. तिथे तळमजल्याच्या घरापुढे कुंपण, तुळस, पत्र्याची शेड हे सर्रास दिसतं. ती जागा 'टिट-बिट' म्हणून रीतसर वाटप झालेली असेल तर वाटपपत्र असतं. ते नसेल तर विकणाऱ्याने कितीही शपथा घेतल्या तरी तुम्ही घर घेताय, बाग नाही. किंमत त्याप्रमाणे ठरवा.

इतर हक्काचा रकाना

शहराच्या कडेच्या प्रकल्पांत सातबारा पाहताना एक गोष्ट आपल्या लोकांनी तरी सोडू नये. 'भोगवटादार वर्ग २' किंवा इतर हक्कात वतनाची नोंद दिसली तर थांबा. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतनं, त्यात महार वतनही, रद्द झाली. जमिनी परत दिल्या गेल्या त्या बऱ्याचदा शर्तीवर, आणि त्या शर्तीच्या जमिनीच्या हस्तांतरणाला किंवा बिनशेतीला सरकारची परवानगी व नजराणा लागतो. परवानगीचा आदेश बघायला मागा. बागेचा तुकडा नेमका मूळ गटाच्या ज्या पोटहिश्श्यात आहे त्याचाही सातबारा बघा. इमारत एका गटात आणि तिच्यासमोरची हिरवळ दुसऱ्याच गटात, असं होतं. गावातल्या आपल्याच कुणा भावकीची जमीन कवडीमोलाने घेतलेली असेल, तर ते आपल्याला कळलेलं बरं.

दुसरी बाजू

हेच नकाशावाचन उलट कामालाही येतं. सामाईक बागेला तळमजल्याच्या कुणी कुंपण घातलं असेल, 'बाहेरच्या' मुलांना खेळू देत नसेल, तर मंजूर रेखांकनाची साक्षांकित प्रत सभेत ठेवा. बोलायचं कमी, नकाशा दाखवायचा जास्त. वस्तीच्या खुल्या जागेत विहार बांधायचा विचार करणाऱ्या मंडळांनीही आधी हा नकाशा काढावा. उद्यान म्हणून सोडलेल्या जागेवर परवानगीशिवाय कोणतंच बांधकाम टिकत नाही, देऊळही नाही आणि विहारही नाही. सार्वजनिक उद्यानात नवीन अनधिकृत धार्मिक बांधकाम होऊ देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश आहे. वर्गणी गोळा करून पाया खणल्यावर हे कळण्यापेक्षा रेखांकनात 'सुविधा क्षेत्र' म्हणून वेगळा प्लॉट आहे का ते शोधून त्याची रीतसर मागणी करणं शहाणपणाचं.

बागेत पिंपळ लावायची इच्छा बऱ्याच जणांना होते. भिंतीपासून आणि चेंबरपासून लांब लावा. नंतर तोडायची वेळ आली तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, झाड तुम्ही स्वतः लावलेलं असलं तरी.

कागद कुठून मिळवायचे

प्रकल्प महारेराकडे नोंदलेला असेल तर मंजूर नकाशे, बांधकाम परवानगी आणि मालकीहक्काचा अहवाल त्यांच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नोंदणी क्रमांकाने पाहता येतात. तिथले नकाशे उतरवून घ्या आणि बिल्डरने दिलेल्या प्रतीशी ताडून पाहा. जुन्या इमारतीसाठी महापालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात 'नकाशा द्या' असं मोघम लिहू नका. सर्व्हे क्रमांक, इमारतीचं नाव, मंजुरीचा क्रमांक माहीत असेल तर तो, आणि 'भोगवटा प्रमाणपत्रासोबतचा अंतिम मंजूर नकाशा व रेखांकन, रंगीत साक्षांकित प्रत' असं लिहा. सरकारी मोजणीसाठी मात्र जमीनधारकाने, म्हणजे बिल्डरने किंवा अभिहस्तांतरण झालं असल्यास सोसायटीने, भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात अर्ज करावा लागतो. फ्लॅट घेणारा एकटा ती मागू शकत नाही. आधीच झालेल्या मोजणीची 'क' प्रत दाखवा, एवढं तो मागू शकतो.

त्या नर्स मुलीने शेवटी महारेराकडे तक्रार केली आहे. पुरावा म्हणून तिच्याकडे ब्रोशर आहे, तीन लाखांची पावती आहे आणि माहिती अधिकारात मिळालेला रंगीत मंजूर नकाशा आहे. त्या नकाशात बागेच्या जागी 'सहा मीटर ड्राइव्ह-वे' असं स्पष्ट लिहिलेलं आहे.